रापलेली नाणी आणि घासायची घाई

पत्र

माझे मामा गेल्या वर्षी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांनी जमवलेली नाणी माझ्याकडे आली. मला त्यातलं काही कळत नाही. काही नाणी पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बममध्ये आहेत, काही कागदी पाकिटांत, काही मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांत. अल्बममधल्या चांदीच्या एका मोठ्या नाण्याला कडेने निळं-जांभळं वलय आलंय आणि मध्ये ते सोनेरी दिसतं. पाकिटातल्या एका चांदीच्या नाण्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग आहेत. तांब्याचं एक नाणं अर्धं लाल, अर्धं तपकिरी आहे. प्लॅस्टिकमधल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर धरलाय. एका औंसाचं अलीकडचं चांदीचं नाणं आहे, त्यावर पांढरे ठिपके उठलेत. काळवंडलेलं एक नाणं मी टूथपेस्टने घासलं. ते आरशासारखं झालं, पण घेणाऱ्याने हातात धरून लगेच खाली ठेवलं आणि नुसत्या चांदीचा भाव सांगितला. रंगीत नाणं पाहून एक जण म्हणाला, ‘हे मला द्या.’ दुसरा म्हणाला, ‘हा रंग केलेला आहे.’ यजमान म्हणतात, नाणी साफ करायचं द्रावण विकत मिळतं, सगळी बुडवून एकसारखी करून टाकू. या रंगांनी किंमत वाढते की घटते? साफ करू की नको?

— एक भाची

उत्तर

ताई, आधी यजमानांना थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही टूथपेस्टने घासलेल्या नाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यात आहे. ते नाणं एकाच दिव्याखाली धरा आणि हळूहळू कलतं करा. मग अल्बममधलं रंगीत नाणं तसंच धरून पाहा. रंगीत नाणं वापरात न आलेलं असेल, तर त्याच्यावर उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतील. टांकसाळीत ठसा बसतो तेव्हा दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. उजेड त्या रेषांवरून फिरतो. संग्राहक याला लस्टर म्हणतात. घासलेल्या नाण्यावर उजेड फिरणार नाही, एका जागी भपकन चमकेल. भिंग घेतलंत तर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतील. टूथपेस्टमध्ये घासून काढणारे कणच असतात, ते दाताचं किटण काढतात तसे नाण्याच्या रेषाही काढतात. त्या माणसाला कळायला दोन सेकंद पुरले ते त्यामुळे.

नाण्याच्या बाजारात पैसे मोजले जातात ते या मूळ पृष्ठभागाचे. रंग त्याच्यावर चढलेला असतो. तो खालच्या चकाकीला शोभा देत असेल तर किंमत वाढते, झाकत असेल तर घटते, आणि खात असेल तर नाणं गेल्यातच जमा. टोनिंगचा एवढाच हिशेब आहे. मी मराठीत त्याला राप म्हणतो. उन्हात रापलेला चेहरा कोणाला शोभतो आणि कोणाला नाही, तसंच.

चांदी रापते ती गंधकामुळे. हवेत, पुठ्ठ्यात, साध्या कागदात, लोकरीत, रबर बँडमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यांच्याशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. रसायनशास्त्राच्या भाषेत हे गंजणंच, फक्त देखणं. थर इतका पातळ असतो की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. थराच्या वरून परतलेला उजेड आणि खालच्या धातूवरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतात. ओल्या रस्त्यावर पेट्रोलचा तवंग रंगीत दिसतो त्याच न्यायाने. त्या थरात रंगद्रव्य असं काही नसतंच, असते ती फक्त जाडी.

म्हणून रंगांना क्रम असतो, आणि हा क्रम तुमच्या फार कामाचा आहे. थर वाढत जातो तसा आधी फिकट सोनेरी, मग तांबूस पिवळा, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, मग आकाशी. त्याहून जाड झाला की पुन्हा पिवळा, गुलाबी आणि हिरवा अशी दुसरी फेरी. आणि शेवटी काळा. काळ्याच्या पुढे काही नाही.

आता तुमचं वलयवालं नाणं. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये नाणं भोकात बसवलेलं असतं. गंधक कडेच्या पुठ्ठ्यातून येतो, म्हणजे थर कडेला जाड आणि मध्ये पातळ. मध्ये सोनेरी, कडेला जांभळा आणि निळा, हे तुमचं वर्णन त्या क्रमात अगदी चपखल बसतं. सोनेरी आणि जांभळ्याच्या मध्ये एक तांबूस पट्टा हवा, तो भिंगाने शोधा. विसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या वेट रेमंड यांच्या अल्बममधली नाणी अशा वलयांसाठीच ओळखली जातात.

रंगांचं वेड खरं वाढवलं ते अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरने. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडलेलं हे 90 टक्के चांदीचं, 26.73 ग्रॅमचं नाणं. कोट्यवधी पाडले, पण चलनात फारसे फिरलेच नाहीत. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्या सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिल्या, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या पुष्कळशा लोकांच्या हाती आल्या. पिशवीच्या कापडाला टेकून राहिलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलेलं होतं. कधी कापडाची वीणही. शेजारच्या नाण्याखाली जेवढा भाग झाकला गेला तेवढा पांढरा राहिला, चंद्रकोरीसारखा. यातले साधे, कुठेही मिळणारे डॉलर केवळ रंगापायी आपल्या पांढऱ्या भावंडांच्या कित्येक पट किमतीला जातात. गंमत अशी की ही पटीतली वाढ सर्वांत जास्त दिसते ती साध्या नाण्यांवर. दुर्मीळ नाण्याची किंमत दुर्मीळपणानेच ठरलेली असते, रंग तिला थोडा हातभार लावतो इतकंच. दर्शनी बाजूवरच्या रंगाला मागच्या बाजूपेक्षा जास्त भाव, आणि झिजलेल्या नाण्यावरच्या रंगाला जवळपास काहीच नाही. कारण तेच, खाली चकाकी नाही.

पैसा आला की कारागीर येणारच. गंधकाची रसायनं, वाफ, उष्णता वापरून एका दुपारीत रंग चढवता येतो. रसायन बहुतेकदा तेच असल्यामुळे खरा-खोटा ओळखणं सोपं नाही, आणि मी पत्रावरून तर मुळीच सांगणार नाही. पण काही गोष्टी तुम्ही स्वतः पाहू शकता. रंग क्रमाने आलेत की सोनेरीला चिकटूनच निळा आहे? नाणं कलतं केल्यावर उजेडाचा आरा रंगातून आरपार फिरतो, की रंग तेलाच्या थेंबासारखा वरवर तरंगतो? अक्षरांच्या आणि चित्राच्या कडांशी रंग बदलतो का? सावकाश रापलेल्या नाण्यावर उंच भागाच्या कडेला अनेकदा एक बारीक फिकट रेघ सुटलेली असते, कारण कापड किंवा कागद तिथे टेकलेला नसतो. घाईच्या रंगाला एवढा धीर नसतो, तो अक्षरांवरून सरळ वाहत जातो. झिजक्या नाण्यावर भडक निळा-गुलाबी दिसला तर संशय घ्या. वासही घेऊन पाहा, मी घेतो. ताज्या गंधकाचा वास लपत नाही.

तुमच्याकडे मात्र एक पुरावा आहे, तो अल्बम. नाणं काढण्याआधी त्याच्या भोकात असतानाच दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वलयाची जाडी आणि भोकाची कड जुळत असेल तर हा साक्षीदार बरंच काही सांगून जातो. अल्बम फेकू नका. मामांच्या हातची तारीख, खरेदीची चिठ्ठी, काहीही असेल तर ते जपून ठेवा.

‘केलेला रंग’ म्हणणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. रंगीत नाणं न घेण्याची शपथ घेतलेले व्यापारी आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण ‘केलेला आहे’ म्हणून लगेच ‘बरं, चांदीच्या भावात ठेवून जा’ म्हणणारा असेल तर उठून या. ‘हे मला द्या’वाल्यालाही पहिल्या भेटीत देऊ नका.

हे एक रंगीत नाणं मी ग्रेडिंगला पाठवीन. पीसीजीएस 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये सुरू झाली, दोन्ही कंपन्या नाणं तपासून 70 गुणांच्या मोजपट्टीवर दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात, तिला स्लॅब म्हणतात. रंग पटला नाही तर एकीच्या चिठ्ठीवर ‘शंकास्पद रंग’ अशा अर्थाचा शेरा येतो, दुसरीच्या ‘कृत्रिम रंग’. त्या शेऱ्याने किंमत धाडकन पडते. एनजीसी खास देखण्या नाण्यांना आकड्याशेजारी एक तारा देते. एक लक्षात असू द्या, या कंपन्यांचं मत हे ‘बाजार हे मान्य करील का’ याबद्दलचं जाणकाराचं मत असतं, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. बाकीची नाणी पाठवण्यात फी जाईल, हाती काही लागणार नाही.

आता ते द्रावण. संग्राहक त्याला डिप म्हणतात. त्यात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतं, ते सल्फाइड विरघळवतं. पण त्या सल्फाइडमधली चांदी नाण्याचीच होती ना! राप जाताना पृष्ठभागाचा तेवढा पापुद्रा घेऊन जातो. पातळ राप, काही सेकंद, भरपूर पाण्याने धुणं, एवढ्यावर थांबलं तर बऱ्याचदा कळतही नाही. शंभर वर्षांची जी शुभ्र नाणी विकायला दिसतात त्यातली पुष्कळ कधी ना कधी डिपमधून निघालेली आहेत आणि चांगल्या दर्जाने स्लॅबमध्ये बसलेली आहेत. हे मी लपवणार नाही. पण कुठे थांबायचं ते कळायला हात बसावा लागतो, आणि हात बसेपर्यंत नाणी मरतात.

माझं पहिलं 1881 चं, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं मॉर्गन. त्या वर्षीची तिथली नाणी चकाकीसाठी नावाजलेली. माझ्या नाण्यावर तपकिरी-हिरवट राप होता, मला तो मळ वाटला. द्रावणात टाकलं, पाच सेकंदांत गेला नाही म्हणून आणखी ठेवलं, मग आणखी. बाहेर आलं ते पांढरंफटक, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं. दिव्याखाली कितीही फिरवलं तरी आरा फिरेना. ते अजून टेबलाच्या खणात आहे, नवीन कोणी ‘साफ करू का’ विचारायला आला की त्याच्या हातात ठेवतो.

तुमच्या काळ्या डागांच्या नाण्याला तर डिपचा उपयोगच नाही. राप काळ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याने बहुधा खालचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. डाग काढलात तर तिथे करडे, खडबडीत चट्टे उरतील आणि भोवती पांढरी चांदी. आज ते कुरूप पण अस्सल आहे, उद्या कुरूप आणि साफ केलेलं होईल. नाणं खरोखर दुर्मीळ निघालं तर व्यावसायिक जतन करणाऱ्यांना विचारा, नाहीतर आहे तसं राहू द्या.

तांब्याचा न्याय उलटा आहे. तिथे रंग चढणं म्हणजे किंमत उतरणं. टांकसाळीतून निघालेला लाल रंग जितका शिल्लक तितका भाव. पीसीजीएसच्या हिशेबात 95 टक्के किंवा जास्त मूळ लाली असेल तर ‘लाल’, 5 टक्क्यांहून कमी असेल तर ‘तपकिरी’, मधलं सगळं ‘लाल-तपकिरी’. तुमचं या मधल्यात. लाली परत आणता येत नाही. डिपमध्ये घातलेलं तांबं विचित्र गुलाबी-नारिंगी होतं आणि लांबूनच ओळखू येतं. उरलेली लालीही नाजूक असते, ग्रेडिंग कंपन्याही तिची कायमची हमी देत नाहीत. काळजी एवढीच घ्या की नाण्यासमोर धरून बोलू नका. थुंकीचा बारीकसा तुषार उडाला तरी काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उठतो.

हिरवा चिकट थर हा राप नाही. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. ते कालांतराने कुजतं, आम्ल सोडतं आणि नाण्याला चिकटतं. ही एकच गोष्ट तुम्ही या आठवड्यात करा, कारण ती रोज आत सरकते आहे. शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेलं आणि सुगंध असतात. काचेच्या भांड्यात, खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही असं पाहून नाणं बुडवा, काही मिनिटांनी ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा. घासू नका, पुसू नका, उभं करून वाळू द्या. अ‍ॅसिटोन चिकटा काढतं, चांदीच्या रापाला धक्का लावत नाही. पीव्हीसीने धातू कोरला असेल तर ती खूण राहील, पण पुढे जाणार नाही.

हिरव्याचे आणखी दोन प्रकार आहेत, गल्लत नको. प्राचीन तांब्या-काशाच्या नाण्यांवर गुळगुळीत, टणक हिरवा किंवा लालसर थर असतो. तो शतकानुशतकं मातीत तयार झालेला असतो आणि किंमत त्यालाच असते, तो खरवडणं म्हणजे नाण्याची कातडी सोलणं. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसली आणि टोचल्यावर पूड पडली तर तो क्लोराइडचा रोग आहे. ओलावा मिळाला की तो पसरतो. असं नाणं आधी वेगळं आणि कोरडं ठेवा, मग जाणत्याला दाखवा.

नव्या औंसाच्या नाण्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर वेळ घालवू नका. त्यांना मिल्क स्पॉट म्हणतात आणि त्यांचं मूळ टांकसाळीतच असतं, तुमच्या कपाटात नाही. डिपने ते जात नाहीत. कॅनडाच्या टांकसाळीने तर 2018 पासून त्यासाठी मिंटशील्ड नावाची खास प्रक्रिया सुरू केली. असं नाणं चांदीच्या भावानेच विकलं जातं, त्यामुळे तुमचं फारसं नुकसान नाही.

राहता राहिली ठेवण. ज्या अल्बमने वलय रंगवलं तोच ते काळं करील, तेव्हा फोटो झाले की नाणं त्यातून काढा. कडेने धरा. कडक पॉलिएस्टरची पाकिटं किंवा घट्ट बंद होणारी कॅप्सूल, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी वेळोवेळी बदलणं, एवढं पुरे. ओकच्या लाकडाचा खण टाळा, त्यातून आम्लाची वाफ सुटते. रबर बँड आणि लोकरीचं कापड तर नकोच.

घासलेलं नाणं विकू नका, त्याला मिळून मिळून धातूचाच भाव मिळणार आहे. काही वर्षांनी ते पुन्हा रापेल, ओरखडे मात्र रापाखालून दिसतच राहतील. रंगीत नाण्याचे फोटो काढाल तेव्हा साध्या उजेडात, नाणं हातात कलतं करून एखादा छोटा व्हिडिओही घ्या आणि फोनमधले रंग भडक करणारे फिल्टर बंद ठेवा. घेणारा तेच आधी पाहतो. आणि यजमानांनी द्रावणाची बाटली मागवूनच ठेवली असेल, तर तिचं झाकण उघडायच्या आत ती परत जाऊ द्या.